बोन स्कॅनच्या इंजेक्शनचा डोस मोजणारं यंत्र कितपत अचूक असतं? आईला म्हापशाहून पणजीला न्यायचं आहे.

निर्धास्त न्या, नीट तपासलेला डोस कॅलिब्रेटर, म्हणजे हेच यंत्र, इंजेक्शनातल्या टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्यासाठी साधारण ५ टक्क्यांच्या आत बरोबर असतो, म्हणजे २० मिलिक्युरीत (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) फार तर १ चा फरक. मी गोव्यातच या कामात टेक्नॉलॉजिस्ट आहे. रोज पहिल्या पेशंटआधी सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी द्रव्याचा ठेवणीतला सोर्स यंत्राच्या खोलगट नळीत सोडायचा आणि आलेला आकडा वहीतल्या अपेक्षित आकड्याशी ताडायचा, हे आम्ही एकही दिवस चुकवत नाही. सीझियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचं, त्यामुळे कालच्यापेक्षा आज आकडा हलला तर दोष यंत्राचा, नाहीतर आत सांडलेल्या एखाद्या थेंबाचा. मोठा फरक पडतो तो वेळेने. टेक्नेशियम ६ तासांत निम्मं होतं, एका तासात सुमारे ११ टक्के घटतं. तेव्हा उशीर होणार असेल तर निघतानाच फोन करा. मात्र हा भरवसा टेक्नेशियमसारख्या गॅमा किरण देणाऱ्या द्रव्यांपुरता. यिट्रियम-९० सारखं बीटा किरण देणारं द्रव्य काचेच्या बाटलीत आहे की प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये, यावरही आकडा बदलतो, म्हणून त्याचं कॅलिब्रेशन वेगळं करावं लागतं.