साखर आधी विरघळू द्या

प्रश्न : केकवर बटरक्रीमऐवजी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं हलकं फ्रॉस्टिंग करावं म्हणून दोनदा प्रयत्न केला. बलक छान फुगतो, मग साखर घालते. पण खाताना दाताखाली कचकच लागते आणि दोन तासांत केकच्या कडेने पाणी ओघळतं. शिवाय अंडं कच्चंच पोटात जातं, याची धास्ती वाटते. माझं काय चुकतंय?

उत्तर : बलक फुगल्यावर तुम्ही साखर घालता, तिथेच घोळ होतो. फेसात पाणी आधीच इतकं पातळ पसरलेलं असतं की साखर नीट विरघळत नाही. न विरघळलेला दाणा फेसातलंच पाणी ओढून घेतो आणि त्याचा पाक होऊन खाली ओघळतो. कचकच आणि पाणी, दोन्हीचं मूळ एकच. माझ्या लेकीच्या वाढदिवसाचा केक असाच पाहुण्यांसमोर ओघळला होता. तेव्हापासून मी बलक आणि साखर एकत्र गरम केल्याशिवाय बीटरला हात लावत नाही. साखर घालून फेटलेल्या पांढऱ्या बलकाच्या फेसाला मेरँग म्हणतात आणि या पद्धतीला स्विस मेरँग.

सात-आठ इंची केकसाठी तीन मोठ्या अंड्यांचा पांढरा बलक घ्या, साधारण ९० ग्रॅम भरतो. साखर त्याच्या दुप्पट, १८० ग्रॅम, बारीक दाण्याची. पिठीसाखर नको, विकतच्या पिठीसाखरेत बहुधा कॉर्नफ्लोअर असतं. पाव चमचा क्रीम ऑफ टार्टार (बेकिंगची आंबट पांढरी पूड) किंवा अर्धा चमचा लिंबाचा रस घाला, आंबटपणामुळे फेस टिकाऊ होतो. अंडी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडा, गार असताना पिवळा बलक सहज वेगळा होतो. एकेक अंडं आधी वाटीत फोडून मग भांड्यात ओता. पिवळ्याचा थेंबही पडला तरी त्यातल्या स्निग्धतेने फेस नीट धरत नाही. म्हणूनच भांडं स्टीलचं किंवा काचेचं हवं. प्लॅस्टिक कितीही घासलं तरी तेलकट राहतं.

आता एका पातेल्यात दोन बोटं पाणी मंद उकळत ठेवा आणि त्यावर हे भांडं बसवा. बूड पाण्याला टेकू देऊ नका. बलक, साखर आणि क्रीम ऑफ टार्टार हाताने सतत ढवळत राहा. थांबलात तर कडेचा बलक शिजून पांढऱ्या गाठी होतात. चार-पाच मिनिटांत मिश्रण पातळ होतं. मग चमच्याला लागलेला थेंब जरा निववून अंगठा आणि तर्जनीत चोळून बघा. एक जरी कण टोचला तरी अजून ढवळायचं. बोटं तेलावरून फिरावीत तशी गुळगुळीत फिरली की साखर विरघळली.

कच्च्या अंड्याची धास्ती मात्र बोटांवर सोडू नका, त्याला थर्मामीटरच हवा. मिश्रण ७१ अंश सेल्सिअसला पोचलं की निर्धास्त व्हा. एवढ्या साखरेमुळे बलक त्या तापमानालाही गोठत नाही. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर अंदाजपंचे करूच नका.

भांडं खाली उतरवून बीटर पूर्ण वेगात सात-आठ मिनिटं चालवा. भांड्याला बाहेरून हात लावून बघत राहा, ते निवेपर्यंत थांबायचं नाही. व्हॅनिला शेवटी. बीटर वर उचलला की टोकाशी तुरा उभा राहतो आणि त्याचं अगदी टोक किंचित वाकतं. मला तोच क्षण सर्वांत आवडतो, साटिनसारखी चकाकी असते तेव्हा. चकाकी जाऊन कापसासारखे गठ्ठे दिसू लागले तर फेटणं जास्त झालं, ते पुन्हा सुधारणं अवघड.

केक पूर्ण गार झालेला हवा, कोमट केकवर कुठलंच मेरँग टिकत नाही. फ्रॉस्टिंग झाल्या झाल्या लावा. ठेवून दिलं तर ते घट्ट होतं आणि पसरवताना फाटतं. चमच्याच्या पाठीने दाबून उचललंत की सुंदर लाटा उठतात. आदल्या रात्री करून ठेवू नका. ज्या दिवशी खायचं त्याच दिवशी करा. हवा दमट असेल तर साखर ओल धरते, तेव्हा केक कापायच्या तास-दोन तास आधीच लावा.