‘यू मे’ म्हटलं आणि तो हसला

प्रश्न : ऑफिसात एक परदेशी सहकारी आहे, माझ्याच लेव्हलचा. त्याने ‘कुड आय बॉरो युवर चार्जर?’ विचारलं, मी ‘येस, यू मे’ म्हणालो तर हसून ‘थँक यू, सर!’ दुसऱ्या दिवशी ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’, मी ‘येस, येस’ म्हणालो तर बिचारा उभाच. चुकतंय कुठे? ‘येस, यू कुड’ म्हणायला हवं होतं का?

उत्तर : ‘यू कुड’ तर नकोच! ‘कुड’ची नम्रता मागणाऱ्यासाठी असते, देताना ‘यू कॅन’ म्हणायचं. ‘यू कुड’ म्हणजे ‘घेता येईल तसं, बघ बाबा’ असं काहीतरी होतं. ‘मे’ची गंमत अशी की विचारताना ‘मे आय’ एकदम अदबशीर पण उत्तरात ‘यू मे’ आलं की बोलणारा आपोआप वरच्या खुर्चीत जाऊन बसतो, वर्गातले सर किंवा साहेब असल्यासारखा, म्हणून तो हसला. व्याकरणात चूक काहीच नाही हां.

खरं तर इंग्रजीत परवानगी छान द्यायची तर ‘परवानगी दिली’ असं जाणवूच द्यायचं नाही. ‘शुअर’, ‘ऑफ कोर्स’, ‘गो अहेड’, झालं काम. ‘बाय ऑल मीन्स’ जरा ठेवणीतलं. ‘बी माय गेस्ट’चा पाहुण्यांशी संबंध नाही, ‘खुशाल घे’ एवढंच, पण तेच तिरकस सुरात म्हटलं तर ‘कर काय करायचंय ते’ होतं, तेव्हा सूर सांभाळा.

आता ‘माइंड’. आपल्याकडे ‘हरकत नाही ना?’ विचारलं की आपण ‘नाही नाही, बसा की’ म्हणतो ना, अगदी तसंच, ‘नो, नॉट ॲट ऑल, गो अहेड’. इंग्रज लोकही बोलण्याच्या ओघात ‘या, शुअर’ (‘या’ म्हणजे ‘येस’च) म्हणून जातात पण पुढे ‘शुअर’ असतं म्हणून निभावतं, नुसतं ‘येस’ म्हणजे ‘हो, हरकत आहे’. आणि ‘आय डोन्ट माइंड’च्या जागी चुकून ‘आय डोन्ट केअर’ नको, ते तोडून टाकल्यासारखं लागतं.

अट घालायची असली तरी आधी होकार द्या, मग ‘बट’. ‘शुअर, बट आय नीड इट बॅक बाय फोर.’ चार्जरचं काय, परत येतोच असं नाही.