डुकरं खोकायला लागली म्हणून घाईने विकू नका

(या महिन्यात डुकरांच्या आजारावरच जास्त पत्रं आली म्हणून शेळ्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. नावं छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, त्यामुळे फक्त जिल्हा दिलाय.)

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझ्याकडे २२ यॉर्कशायर डुकरं आहेत, त्यातल्या दोन माद्या गाभण. परवा सकाळी शेडमधे गेलो तर निम्मी डुकरं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर पडलेली, खाद्याला तोंड लावेनात, आज जवळपास सगळीच खोकतायत, नाकातून पाणी वाहतंय. मेलं कोणी नाही अजून. गावात बोंब झालीय की याच्याकडे स्वाइन फ्लू आलाय. एक व्यापारी म्हणतो आत्ताच अर्ध्या भावात दे, उद्या तेवढेही मिळणार नाहीत. देऊन टाकू का? (सातारा)

उत्तर : नाही दादा, देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय ना, एका-दोन दिवसात सगळा कळप एकदम आडवा, खोकला, नाक गळणं आणि मेलं मात्र कोणी नाही, हे डुकरांच्या फ्लूसारखंच वाटतंय. हा आजार दिसतो भयंकर पण बहुतेक डुकरं आठवडाभरात उठून खायला लागतात, मरतात फार थोडी, शंभरात दोन-चार, आणि तीही बहुतेक आधीच अशक्त असलेली पिल्लं किंवा वर न्युमोनिया झालेली. नुकसान होतं ते वजनाचं, विक्री दोन-तीन आठवडे पुढे जाते एवढंच. व्यापाऱ्याला हे माहीत असतं हो, म्हणूनच तो घाई करतो.

पण मी पत्रावरून सांगतेय, म्हणून आजच्या आज सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ ला फोन करा. का, तर याच तापासारखे दिसणारे दुसरे दोन आजार आहेत आणि ते कळप साफ करतात. एक क्लासिकल स्वाइन फिव्हर, दुसरा आफ्रिकन स्वाइन फिव्हर. नावं ऐकायला एकसारखी, पण फ्लूशी यांचा काही संबंध नाही, विषाणूच वेगळे. कानावर, पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला लाल-जांभळे डाग आले, मागचे पाय लटपटायला लागले, आधी बद्धकोष्ठ आणि मग हगवण, रक्त पडणं, किंवा दोन-तीन दिवसात धडधाकट मोठी जनावरंच मरायला लागली तर तो फ्लू नाही असं समजा आणि डॉक्टर येईपर्यंत शेडमधून काहीच बाहेर जाऊ देऊ नका, डुक्कर नाही, मटण नाही, खताची गाडीसुद्धा नाही. आफ्रिकन फिव्हर आपल्या देशात २०२० मधे आसाम आणि अरुणाचलात पहिल्यांदा सापडला, त्याच्यावर औषध नाही. मेलेलं जनावर स्वतः फाडून बघू नका, खोल खड्डा, वर चुना, आणि कुत्री उकरणार नाहीत एवढी माती.

फ्लूच आहे का हे पक्कं करायचं तर नाकातला स्वॅब घ्यावा लागतो आणि तो ताप असताना, पहिल्या तीन-चार दिवसातच, नंतर विषाणू हाती लागत नाही. डॉक्टर तो पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागामार्फत किंवा थेट भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवायची व्यवस्था करतात. त्यांना थर्मामीटर लावायला सांगा, डुकराच्या अंगाचं नॉर्मल तापमान १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतं, फ्लूमधे १०५-१०६ पर्यंत जातं.

आता शेडमधे काय करायचं. पाणी, पाणी आणि पाणी. आजारी डुक्कर खात नसेल तरी चालेल दोन दिवस, पण पाणी सुटता कामा नये, टाकी लांब असेल तर तोंडाजवळ घमेलं ठेवा, थोडा गूळ-मीठ घातलं तरी चालतं. जमीन कोरडी करा, भाताचं तूस किंवा पेंढा जाड अंथरा, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा पण सगळं गच्च बंद करू नका, लघवीचा उग्र वास कोंडला की फुप्फुसाचं काम अजून बिघडतं. त्यांना उठवू नका, हाकलू नका, वजन करायला ओढू नका. शेड धुवायच्या नादात अंगावर गार पाणी मारणारे लोक मी बघितलेत, जीव कळवळतो, तेवढं करू नका. अँटिबायोटिकने फ्लूचा विषाणू मरत नाही, ते फक्त न्युमोनिया झाला तर आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. तापाचं औषधही वजनावर द्यायचं असतं, घरातल्या गोळ्या अंदाजाने कुटून घालू नका, आणि माणसांच्या फ्लूवरच्या टॅमीफ्लू औषधाच्या मागे तर अजिबात लागू नका. गाभण माद्यांचा ताप सगळ्यात आधी उतरवायला सांगा कारण जास्त तापाने गाभ टाकतात.

शेवटच्या डुकराचा खोकला थांबल्यावर निदान तीन आठवडे नवीन जनावर आणू नका आणि पिल्लं विकू नका. नाहीतर तुमच्याकडचा आजार बाजारातून चार गावात जाईल.

प्रश्न : डॉक्टरताई, आमच्याकडे आठ डुकरं आणि पंधरा-वीस गावठी कोंबड्या एकाच वाड्यात आहेत. माझ्या मिस्टरांना चार दिवस ताप-खोकला आहे, तरी तेच डुकरांना खाद्य घालतात. डुकरांमुळे झालं असेल का? घरात दोन वर्षांची मुलगी आहे. (सिंधुदुर्ग)

उत्तर : ताई, डुकरं ठणठणीत असतील तर त्यांच्याकडून आल्याची शक्यता कमी, उलट आता तुमच्या मिस्टरांकडूनच डुकरांना जाण्याची भीती जास्त. हे लोकांना पटत नाही पण खरं आहे, माणसाचा फ्लू डुकरांना होतो. २००९ मधे पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला तेव्हा सगळे डुकरांना शिव्या देत होते, पण ती साथ माणसाच्या खोकण्यातूनच माणसाला होत होती. नावामुळे तेव्हा इजिप्तने सुमारे ३ लाख डुकरं मारून टाकली, आणि कैरोमधला ओला कचरा खाणारी डुकरंच गेल्यावर कचऱ्याचे ढीग साठले ते वेगळंच. साथ काही थांबली नाही.

म्हणून ते बरे होईपर्यंत आणि वर दोन-चार दिवस, खाद्य तुम्ही किंवा दुसऱ्या कोणी घाला, मास्क लावून, आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुवा. हा विषाणू साध्या साबणानेही मरतो. मुलीला वाड्यात नेऊ नका. त्यांना दम लागला किंवा ताप उतरेना तर डॉक्टरकडे जा आणि घरी डुकरं आहेत हे आवर्जून सांगा.

कोंबड्या मात्र वेगळ्या करा, जाळी मारा, पाण्याचं भांडं तरी एक ठेवू नका. डुकराच्या शरीरात माणसाचा आणि पक्ष्याचा दोन्ही फ्लू शिरू शकतात आणि तिथे त्यांची सरमिसळ होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो. आठ डुकरांच्या घरालाही हे लागू आहे.

प्रश्न : आमच्या डुकरांना गेल्या वर्षी स्वाइनची लस दिली होती तरी खोकला कसा आला? लस खोटी होती का? (सोलापूर)

उत्तर : खोटी नव्हती. ती क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस, फ्लूची नाहीच. डुकरांच्या फ्लूची लस परदेशात देतात पण आपल्याकडे छोट्या फार्मवर ती दिली जात नाही. तरी फिव्हरची लस दरवर्षी घ्याच, ती चुकवली की एका साथीत शेड रिकामं होतं.

प्रश्न : हॉटेलचं खरकटं घालतो, त्यातून फ्लू येतो का? आणि पोर्क खायचं की नाही? (पुणे)

उत्तर : फ्लू शिंकेतून, नाकाला नाक लागून येतो, खरकट्यातून नाही. पण दोन्ही फिव्हर खरकट्यातल्या मटणाच्या तुकड्यातून नक्की येतात, म्हणून ते ९० डिग्री सेल्सिअसला तासभर, ढवळत उकळूनच घाला, नुसतं गरम केलेलं चालणार नाही. पोर्क नीट शिजवलेलं असेल तर खुशाल खा. फक्त आजारी डुक्कर कापू नका, कारण धोका ताटात नसतो, कापणाऱ्याला असतो.