दोराच्या टोकाला: तुमचे प्रश्न

ताई, माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. चार वर्षं क्लाइंबिंगच्या वॉलवर (कातळासारख्या कृत्रिम भिंतीवर) चढतेय. आता म्हणते, पुढे हेच करणार. यावर पोट भरतं का? – एक आई

भरतं, पण नुसतं चढून फार थोड्यांचं. मी अकरा वर्षं 'व्यावसायिक' म्हणवून घेतलं. त्यातली पहिली तीन वर्षं एका कंपनीकडून मला मिळत होते ते फक्त बूट. पैसे आले ते इतर कामांतून. पहाटे उठून स्पर्धेच्या भिंतीवर होल्ड (हातापायांसाठीच्या पकडी) बसवायचे, दुपारी मुलांना शिकवायचं. मंदीच्या दिवसांत मी दोरावर लटकून उंच इमारतींच्या काचाही पुसल्या आहेत. त्या कामाची मला लाज वाटली नाही. दोर तोच होता, फक्त हातात घाम टिपणाऱ्या चॉकच्या पुडीऐवजी फडकं. अ‍ॅलेक्स हॉनॉल्ड हा दोराशिवाय कडे चढणारा आरोहक आज घरोघरी माहीत आहे, पण तोही कित्येक वर्षं गाडीतच राहत होता.

तिला एवढं विचारा, की स्पर्धा करायच्यात का कातळावर जायचंय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पण वाटा वेगळ्या आहेत. टोकियो ऑलिंपिकला, म्हणजे 2021 मध्ये, हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा स्पीड (वेगाने चढणं), बोल्डर (बुटक्या भिंतीवर दोराशिवाय) आणि लीड (उंच भिंतीवर दोर अडकवत) हे तिन्ही प्रकार मिळून एकच पदक होतं. धावपटूला बुद्धिबळही खेळायला लावावं, तसला तो प्रकार. पॅरिसला 2024 मध्ये स्पीड वेगळं काढलं. स्पर्धेची उमेदीची वर्षं मोजकी असतात. कातळ थोडी जास्त वर्षं देतो, पण तिथे टाळ्या वाजवायला कुणी नसतं.

आणि, विचारलं नाहीत तरी सांगते, तिच्या ताटाकडे लक्ष ठेवा. वजन कमी तर चढणं सोपं, हे या खेळात कुणी ना कुणी कानात सांगतंच. पाळी चुकायला लागली, सारखी दुखापत व्हायला लागली, तर आधी डॉक्टर, मग वॉल.

दोर बांधलेला असताना माणूस पडून मरतो कसा? दोर तुटतो का? – एक वाचक

दोर क्वचितच तुटतो. धारदार कडेवर घासला तर कापला जाऊ शकतो, पण बहुतेक वेळा चूक हातांची असते.

लिन हिलचं नाव ऐकलं असेल. 1989 मध्ये ती फ्रान्समधल्या ब्यूक्सला चढत होती. सोपा रूट (चढायची वाट), नुसतं अंग मोकळं करायला. दोर कमरेच्या हार्नेसमधून (पट्ट्यातून) ओवला आणि गाठ पुरी करायच्या आत तिचं लक्ष दुसरीकडे गेलं. अंगात जाकीट होतं, त्याखाली अर्धवट गाठ झाकली गेली. वर पोचून खाली उतरायला तिने दोरावर भार टाकला आणि दोर सुटला. सुमारे बावीस मीटर. झाडाच्या फांद्यांत आपटत आली म्हणून वाचली. तेव्हा ती जगातल्या सर्वोत्तम आरोहकांत होती. पुढे 1993 मध्ये तिनेच अमेरिकेतल्या एल कॅपिटन या कड्यावरचा 'नोज' हा रूट पहिल्यांदा फ्री चढून दाखवला, म्हणजे दोर फक्त पडलं तर झेलायला, वर ओढायला नाही. पुढच्या वर्षी तोच पुन्हा चोवीस तासांच्या आत.

ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना शंभरदा सांगितली असेल. आणि तरीही एकदा मी स्वतः कातळाला हात लावला, पहिला पाय ठेवला, तेवढ्यात माझा बिलेयर, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, म्हणाला, "खाली ये." मी वैतागले. तो काही न बोलता माझ्या पोटाकडे बघत होता. फिगर ऑफ एट ही गाठ निम्मीच झाली होती, दोराचं शेपूट नुसतंच लोंबत होतं. मी त्याला कालच्या स्पर्धेचा किस्सा सांगत सांगत गाठ बांधत होते. तेव्हापासून गाठ बांधताना मी बोलत नाही. कुणी बोलायला लागलं तर सोडून पहिल्यापासून बांधते. लोक मला शिष्ट म्हणतात, म्हणोत बापडे.

मी पंधरा वर्षांचा आहे. घरी कॅम्पस बोर्ड (पाय न लावता नुसत्या बोटांनी चढायची फळी) लावू का? मधल्या बोटाचा सांधा थोडा दुखतो, पण चढताना गरम झाल्यावर थांबतो. – एक विद्यार्थी

नको. आणि आजपासून चढणंही बंद, डॉक्टरांनी एक्स-रे बघेपर्यंत. तुझ्या वयात बोटांच्या हाडांची वाढ अजून चालू असते. वाढीचा भाग हाडापेक्षा कमजोर असतो, बारीक होल्ड मुडपलेल्या बोटांनी धरून धरून तिथे चीर पडते. मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याजवळचं दुखणं हे तिचं नेहमीचं लक्षण. गरम झाल्यावर दुखायचं थांबतं, म्हणून तर पोरं फसतात.

कॅम्पस बोर्ड वुल्फगांग ग्युलिश या जर्मन आरोहकाने काढला. 1991 मध्ये 'अ‍ॅक्शन डायरेक्ट' हा अतिशय अवघड रूट चढला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. वाढ पुरी झालेला माणूस, वर्षानुवर्षं कमावलेल्या बोटांचा.

माझं अनामिकेचं बोट बघशील तर कळेल. बारीक कपारीत चार बोटं मुडपून धरली होती, पाय घसरला आणि 'टक्' असा आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा. बिले देणाऱ्यालाही खालून ऐकू गेला. बोट वाकवणाऱ्या शिरेला हाडाजवळ धरून ठेवणारी पट्टी तुटली होती. पाच महिने घरी. दंड आणि पाठ काही महिन्यांत तयार होतात, या पट्ट्यांना वर्षं लागतात, आणि तेव्हा मला दम नव्हता. तू सध्या पायांकडे बघ. तुझ्या वयाची मुलं पाय टाकतात कुठे हे बघतच नाहीत, सगळं हातांवर ओढतात.

बूट किती घट्ट घ्यावेत? – एक नवी आरोहक

बोटं पुढे टेकलेली, पण उभं राहता येईल इतपत. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं अजून काळी आहेत, तेव्हा याबाबतीत माझं बघून घेऊ नकोस.