प्रार्थना केली तरी भीती जात नाही

प्रश्न : मी एका शाळेत अकाउंट्सला आहे. टीचर लोकांच्या खात्यात पूर्ण पगार जमा होतो आणि दोन दिवसांनी त्यातला बराचसा कॅशमध्ये परत घेतात. आता ती कॅश देणगी म्हणून दाखवायची आणि पावत्यांवर मी सही करायची असं सेक्रेटरी म्हणतात. ते आमच्याच चर्चच्या कमिटीत आहेत. पाळकसाहेबांशी बोलले तर म्हणाले रोमकरांस १३ वाचा, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. रोज प्रार्थना करते पण ऑफिसात पाय ठेवला की हात थरथरतात. माझा विश्वासच कमी आहे का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : ताई, भीती वाटते म्हणजे विश्वास कमी हे गणित बायबलमधलं नाही हो. नहेम्याचं पुस्तक काढा, दुसरा अध्याय. हा नहेम्या शूशनच्या राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा, चांगली नोकरी, आणि राजाने नुसतं तोंड का उतरलंय विचारलं तर हा स्वतःच लिहितो की मी फार घाबरलो. तसाच घाबरलेला असताना मनातल्या मनात प्रार्थना केली आणि बोलून टाकलं. भीती जायची वाट बघत बसला असता तर यरुशलेमचा तट तसाच पडून राहिला असता.

पण मला त्याचं सगळ्यात काय आवडतं सांगू, त्याची तयारी. तट पडल्याची वाईट बातमी किस्लेव महिन्यात कळली आणि राजाशी बोलला नीसान महिन्यात, म्हणजे मध्ये चारेक महिने गेले, उपास-प्रार्थना चालू होती पण डोकंही चालू असणार, कारण राजाने काय पाहिजे विचारल्यावर अडखळला नाही, किती मुदत लागेल ते सांगितलं, वाटेतल्या सुभेदारांच्या नावाने पत्रं मागितली, लाकडासाठी राजाच्या वनाच्या रखवालदाराला वेगळं पत्र. सगळं लेखी! यरुशलेमात पोचल्यावर पण कोणाला न सांगता रात्री तट बघून आला.

तर तुमचं पण आधी लेखी. पावत्यांवर सही करू नका हे पहिलं, कारण सही तुमची असली की उद्या कागदावर तुम्हीच सापडणार. कधी किती कॅश आली, कोणासमोर, हे तारखेसकट स्वतःच्या वहीत लिहा. मेसेज डिलीट करू नका. शाळेच्या फाइली मात्र घरी आणू नका, उलट तुमच्यावरच चोरीचा आळ घेतील. आणि तक्रार करायच्या आधी वकील गाठा. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदा मदत मिळते, १९८७ च्या कायद्यातच आहे ते, जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा नाहीतर १५१०० वर फोन करा.

रोमकरांस १३ चं म्हणाल तर पाळकसाहेबांना म्हणावं सातव्या वचनापर्यंत वाचा, तिथे ज्याचं देणं त्याला द्या असं आहे, आणि पगार हे देणंच आहे ना. याकोब ५:४ तर अजून कडक, अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते म्हणतो. सेक्रेटरी आपल्याच मंडळीतले म्हणून गप्प बसायचं असेल तर नहेम्याचा पाचवा अध्याय बघा, आपल्याच भावांकडून व्याज खाणाऱ्या आपल्याच सरदारांना त्याने भर सभेत जाब विचारला, तो पण तट अर्धवट असताना.

आपल्याकडचं बघायचं तर पंडिता रमाबाई. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांचे काय हाल होतात ते त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पेपरात लिहिलं. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं, बाई स्वतः ख्रिस्ती, गप्प राहणं सोपं होतं. गव्हर्नरने त्यांचं म्हणणं खोटं ठरवायला बघितलं. म्हणजे खरं बोललं की लगेच शाबासकी मिळते असं नाही, तुमची नोकरी पण जाऊ शकते, हे मी लपवणार नाही. म्हणून घरी आज सांगा, दुसरी नोकरी आत्तापासून बघा, आणि त्या शिक्षकांमधला एकतरी सोबत येतो का बघा. बायबलमधली एस्तेर राणीसुद्धा राजाकडे जायच्या आधी म्हणाली होती, शूशनमधल्या सगळ्या यहूद्यांनी माझ्यासाठी तीन दिवस उपास करा. हात थरथरले तर थरथरू द्यात, सही नाही म्हणायला हात लागत नाही.

प्रश्न : भीती वाटली की कुठलं स्तोत्र वाचावं?
– एक वाचक, वसई

उत्तर : ५६. दावीद गथमध्ये पलिष्ट्यांच्या तावडीत सापडला तेव्हाचं आहे, आणि त्यात मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन असं सरळ म्हटलंय. २२ पण चालेल, फक्त ‘देवा, तू मला का सोडलंस’ ही सुरुवात वाचून पुस्तक मिटू नका, शेवटपर्यंत जा, नाहीतर अजून घाबराल.