खिडक्या घेताय? आधी एवढं बघा

ताई, घर बांधताय, मनापासून अभिनंदन! कॅटलॉग तूर्त बाजूला ठेवा. बडोद्यात पावसाळी वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या खिडक्यांवर छज्जा हवाच.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी स्लायडिंग, म्हणजे सरकती खिडकी बसवली आणि पहिल्याच जोरदार पावसात खालचा ट्रॅक तुडुंब भरून पाणी थेट गादीवर! पाणी बाहेर जायची भोकं होती, पण गवंड्याने ती सिमेंटने लिंपून टाकलेली. म्हणून खिडकी बसली की ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. बाहेर वाहून गेलं, तरच उरलेले पैसे द्या.

आणखी थोडं :
- मच्छरजाळी हवी असेल तर तीन ट्रॅकची खिडकी आत्ताच सांगा. नंतर फार त्रास होतो.
- यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची चौकट) घेणार असाल तर तिचा कापलेला तुकडा मागा. आत गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेलं) स्टील दिसलं पाहिजे. नुसतं पोकळ प्लास्टिक उन्हात वाकतं.
- मापं नकाशावरून देऊ नका. भिंतीतली जागा तयार झाली की प्रत्यक्ष घ्यायला लावा.
- दोन पल्ल्यांची स्लायडिंग अर्धीच उघडते, स्वयंपाकघरात बिजागरीची बरी.

डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) वगैरे नंतर बोलू. आधी पश्चिमेच्या भिंतीचा फोटो पाठवा.