ग्रीसमधलं पिर्गी गाव खरंच पाहण्यासारखं आहे, की पर्यटकांसाठी रंगवून ठेवलंय? एक दिवस पुरेल का?

'रंगवून ठेवलंय' हे वाचलं आणि राहवलं नाही. आमचे थोरले भाऊजी तिथे भर चौकात उभे राहून नेमकं हेच म्हणाले होते.

पहिली गोष्ट, तो रंग नाहीच. काळसर वाळूच्या गिलाव्यावर चुन्याचा पांढरा हात देतात आणि तो ओला असतानाच जेवणाच्या काट्याने खरवडून त्रिकोण, चौकटी, वर्तुळं काढतात. खालचा करडा गिलावा वर दिसतो, तीच नक्षी. गल्ल्या अरुंद आणि बाहेरच्या घरांच्या पाठी एकमेकींना चिकटलेल्या, कारण तीच गावाची तटबंदी. पिर्गी ज्या खिओस बेटावर आहे, ते १३४६ पासून १५६६ पर्यंत इटलीतल्या जिनोआच्या लोकांकडे होतं. बेटाच्या दक्षिणेची ही गावं चाच्यांपासून राखायला अशी बांधली गेली. गावात राखण्यासारखं काय, तर डिंक. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात रुमी मस्तकी मागतो, तोच. झुडूप भूमध्य समुद्राकाठी बऱ्याच ठिकाणी उगवतं, पण नावाजलेली मस्तकी या दक्षिण खिओसचीच.

हा डिंक तुर्की सुलतानाच्या महालात जायचा. १८२२ साली तुर्कांनी बेटावर कत्तल केली, हजारो माणसं मारली, हजारो गुलाम म्हणून विकली. मस्तकीची गावं मात्र बरीचशी वाचली, आणि ती नक्षीमुळे वाचली नाहीत.

आता भाऊजी. राजापूरकडे आमचं वडिलार्जित घर आणि हापूसची बाग आहे. बाग वर्षानुवर्षं कराराने दिलेली. कलमांना फवारणी काय होते, पेटी वाशीला काय भावाने जाते, घरात कुणाला पत्ता नाही. भाऊजींचं म्हणणं, बागेत दम नाही, घराचा होमस्टे करा, पर्यटन आलं की गाव जगतं. पिर्गीत पोचल्यावर त्यांना चेवच आला. कॅफे दाखव, भाड्याच्या खोल्या दाखव, 'बघ, मी काय म्हणत होतो!'

आम्ही उतरलो त्या घरच्या आजी दारात परात घेऊन डिंक साफ करत बसल्या होत्या. ऑक्टोबर होता, सज्ज्यांवर छोट्या टोमॅटोच्या माळा सुकत होत्या. शेजारच्या दोघीतिघी येऊन बसल्या. भाऊजींनाही हौस, त्यांनी चाकू मागून घेतला. आजींनी त्यांनी साफ केलेले खडे उचलून उजेडात धरले आणि मुकाट्याने पुन्हा न निवडलेल्या ढिगात टाकले. आम्ही सगळे हसलो, भाऊजी सोडून. मग मी आजींच्या नातवाला मुद्दाम विचारलं (त्याला इंग्रजी येतं), की तुमचं घर खोल्यांवर चालतं का? तो म्हणाला, खोल्या उन्हाळ्यापुरत्या, बंद पडल्या तर वाईट वाटेल. झाडं गेली तर आम्ही अथेन्सला जाऊ.

दुसऱ्या दिवशी त्याने झाडं दाखवली. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून, सपाट करून खडूसारखी पांढरी पूड पसरतात, खोडाला टोचे देतात, आणि गळलेला डिंक घट्ट झाला की वेचतात. एवढं करून झाडामागे वर्षाला जेमतेम दीडदोनशे ग्रॅम. मग परवडतं कसं? १९३८ पासून उत्पादकांचा संघ आहे, माल संघाकडे जातो, त्यामुळे एकेकट्याला व्यापाऱ्यासमोर हात पसरावे लागत नाहीत. १९९७ पासून युरोपात या नावाला संरक्षण आहे, २०१४ मध्ये युनेस्कोने ही लागवडीची परंपरा यादीत घेतली. आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं, पण बागायतदार अजून दलालाच्या फोनची वाट बघतो. फरक तिथे आहे, होमस्टेत नाही.

तर तुमचा प्रश्न. एक दिवस पिर्गीला पुरतो, पण मग बेटावरचंच मेस्ता हे दुसरं मस्तकीचं गाव राहून जाईल, आणि मला विचाराल तर मेस्ता जास्त आवडेल. तिथे गल्ल्यांवर कमानी आहेत, छपरं एकमेकांना जोडलेली. पिर्गीतलं पवित्र प्रेषितांचं चिमुकलं चर्च चुकवू नका, आत १६६५ ची भित्तिचित्रं आहेत. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्रीची बोट मिळते. बेटावर गाडी भाड्याने घ्याच, बसच्या भरवशावर राहू नका. दुपारी गाव झोपतं, तेव्हा जाऊन 'मेलेलं गाव' म्हणू नका.

हो, सगळं गोडगोड नाही. २०१२ च्या वणव्यात बरीच झाडं जळाली, आणि तरुण पोरं तिथूनही शहरात जातातच. होमस्टे वाईट असंही माझं म्हणणं नाही, बाग सांभाळून खुशाल करा.

भाऊजी इथे रोज वाचतात म्हणून लिहून ठेवते: यंदाचा हंगाम संपला की बागेचा करार संपतोय. सातबाऱ्यावर आमचंही नाव आहे, आणि नव्या करारावर आमची सही मिळणार नाही.